जगाला वळसा घालून सोलापूरला परत: ११७ दिवस, एक केबिन आणि डबाभर कडक भाकरी

टॉवेलवाले_काका:
नमस्कार मंडळी. मागे मी वर्ल्ड क्रूझला जायचंय म्हणून इथं विचारलं होतं तेव्हा बऱ्याच जणांनी मदत केली, आल्यावर सविस्तर लिहीन असा शब्द दिला होता तो आज पाळतोय. आम्ही दोघं, मी ६६ आणि ही ६२, अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचं युनिट होतं ते आता मुलगा बघतो. पस्तीस वर्षं मी कारखान्यात आणि ही घरात, सणवार सोडले तर दुपारचं जेवण एकत्र झालेलं आठवत नाही. म्हणून ठरवलं की जायचं तर लांब जायचं.

६ जानेवारी २०२५ ला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून जहाज सुटलं, मग कोलंबिया, पनामा कालवा, पेरू, ईस्टर बेट, ताहिती, अमेरिकन सामोआ, फिजी, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, कोलंबो, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका करत मेच्या सुरुवातीला इंग्लंडात साउदम्प्टनला उतरलो. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं सुएझ टाळून आफ्रिकेला खालून वळसा घातला. त्यामुळं इजिप्त राहिलं पण मॉरिशस मिळालं, आणि आज विचाराल तर मी मॉरिशसच घेईन, का ते पुढं सांगतो.

पहिल्यांदा पनामाचं लिहितो कारण ते मनातून जात नाही.

१२ तारखेच्या रात्री जहाज कोलोन शहरासमोर समुद्रात नांगर टाकून उभं होतं, चहूबाजूला आपल्यासारखीच नंबर यायची वाट बघणारी जहाजं, नुसते दिवे. १३ जानेवारी म्हणजे आपल्याकडं भोगी, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतला अक्षता सोहळा. जन्मात कधी चुकला नव्हता. पनामा आपल्या साडेदहा तास मागं, म्हणजे सोलापुरात दुपार तेव्हा आमच्याकडं रात्रीचे अडीच-तीन. मुलानं संमती कट्ट्यावरून व्हिडिओ कॉल लावला, जहाजावर सॅटेलाइटचं इंटरनेट होतं, अडकत अडकत का होईना नंदीध्वज दिसले आणि "बोला हर्र" ऐकू आलं तशी ही उठून उभी राहिली, मूठभर तांदूळ घरूनच पुरचुंडीत बांधून आणले होते तिनं, ते फोनच्या दिशेनं टाकले. मग झोप कुठली, तसेच वर डेकवर गेलो.

उजाडताना जहाज गातूनच्या लॉकमध्ये शिरलं. तीन पायऱ्या आहेत, एकेका पायरीत दार लावून पाणी भरतात आणि एवढं अख्खं जहाज वर उचललं जातं, एकूण २६ मीटर. पंप एकही नाही बरं का, वरच्या तळ्यातलं पाणी उतारानं खाली येतं तेवढंच. १९१४ साली कालवा सुरू झाला तेव्हापासून हेच तंत्र. जुन्या लॉकची रुंदी साडेतेहतीस मीटर, आमचं जहाज त्यात असं बसलं की बाल्कनीतून भिंतीचं काँक्रीट हाताला लागेल असं वाटावं. दोन्ही बाजूनं रुळावरची इंजिनं तारेनं जहाज मधोमध धरून चालतात.

एक जहाज या समुद्रातून त्या समुद्रात जायला साधारण वीस कोटी लिटर गोडं पाणी खर्ची पडतं आणि ते शेवटी समुद्राला मिळतं. डेकवरच्या लाउडस्पीकरवर हे सांगितलं तसं आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. उजनी धरण भरलं की नाही यावर ज्यांचं वर्ष ठरतं, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्यांना हा आकडा नुसता आकडा वाटत नाही. २०२३ ला तिथंही पाऊस कमी पडला तर रोजची छत्तीस-एक जहाजं पंचविशीच्या खाली आणावी लागली होती. म्हणजे जगाचा माल अडतो तोसुद्धा पावसानंच.

आज एवढंच, डोळे दुखतात टाइप करून. प्रश्न असतील तर विचारा.

सातरस्ता:
काका जबरदस्त! अक्षतांचं वाचून अंगावर काटा आला बघा. आम्ही त्या दिवशी तिथंच गर्दीत होतो की. पुढं लिहा, थांबू नका. आणि व्हिसाचं कसं केलं तेवढं सांगा, माझ्या आईवडिलांना पाठवायचंय.

मधुरा_कोथरूड:
खूप छान लिहिताय. खर्चाचा साधारण अंदाज, आणि शाकाहारी जेवण मिळतं का हेही लिहाल का? आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी, चार महिने सॅलडवर काढायचे म्हटलं तर अवघड आहे.

टॉवेलवाले_काका:
व्हिसा: सगळ्यात आधी अमेरिकेचा काढा, सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो आणि तो हातात असला की कोलंबिया, पनामा ही बंदरं सोपी होतात. शेंगेन (युरोपातल्या देशांचा सामायिक व्हिसा), यूके, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका असे बाकीचे. ताहितीला शेंगेन आपोआप चालत नाही हे ध्यानात ठेवा, तो फ्रान्सचा प्रांत असला तरी शेंगेनमध्ये येत नाही. मॉरिशसला आपल्याला व्हिसा लागत नाही. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवायचं, साठीच्या पुढच्यांनी ती घ्यायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायचं.

पैसे: खिडकी नसलेली आतली केबिन घेतली तरी माणशी पंधरा-वीस हजार डॉलरच्या घरात जातं, वर रोजची टिप माणशी सोळा ते वीस डॉलर वेगळी. आम्ही पैसे भरले तेव्हा सात लाखांच्या पुढं २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला, तो रिटर्न भरल्यावर धरला जातो पण तोवर पैसे अडकतात. हा नियम बदलत असतो तेव्हा सीएंना विचारूनच करा. आणि मेडिकल इन्शुरन्समध्ये जहाजावरून उचलून नेण्याचा खर्च आहे का ते वाचूनच सही करा. मला पेरूनंतर ताप आला, जहाजावरच्या दवाखान्यात दोनदा जावं लागलं, बिल बघून घाम फुटला, आणि विमा कंपनीनं ते पैसे द्यायला अडीच महिने लावले, तेही चार वेळा तीच कागदपत्रं मागून.

जेवणाचं हिनंच लिहायचं ठरलंय. खालचं तिनं सांगितलंय, मी टाइप करतोय.

मी सौ. बोलतेय. मधुराताई, जेवणाची काळजी करू नका. पहिल्या दिवशीच मुख्य शेफना भेटायचं आणि आपल्याला काय चालतं ते लिहून द्यायचं. आमच्या जहाजावर स्वयंपाकघरात गोव्याची आणि रत्नागिरीची मुलं होती, तिसऱ्या दिवशी वरणभात आला. त्यातल्या एका रत्नागिरीच्या मुलानं मला काकू म्हणून हाक मारली आणि म्हणाला, मी नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, बहिणीच्या लग्नाला जाता आलं नाही. त्याला संक्रांतीचा तिळगूळ दिला तो त्यानं कपाळाला लावून खिशात ठेवला.

घरून मी शंभर कडक भाकरी, दोन किलो शेंगा चटणी, भाजणी आणि मेतकूट नेलं होतं. केबिनमध्ये किटली, इस्त्री काही चालत नाही, आगीच्या भीतीनं काढून घेतात. निरांजन, उदबत्तीसुद्धा नाही. बॅटरीचा दिवा लावून पूजा केली चार महिने. कडक भाकरीला मात्र गरमही करावं लागत नाही, चुरायची, दही आणि चटणी घालायची, झालं. दही बुफेत रोज असतं.

आता लिमाचं सांगते. तिथं जुन्या वस्तूंचं एक संग्रहालय आहे, लार्को नावाचं, मोचे म्हणून लोक होते दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, त्यांची मातीची भांडी हजारोंनी मांडलीत. आणि त्या भांड्यांवर काय, तर भुईमुगाच्या शेंगा! टरफलावरची जाळी, मधली कंबर, सगळं हुबेहूब. मी काचेला नाक लावून बघत राहिले. गाईड म्हणाली शेंगा मूळच्या याच खंडातल्या, इथल्या राजाच्या थडग्यात सोन्याचांदीच्या शेंगांची माळ सापडलीय, सिपान नावाच्या गावी, १९८७ साली. माझ्या पर्समध्ये चटणीची डबी होती. तिला उघडून दाखवली, वास घेतला तिनं आणि बोटावर घेऊन खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या तिखटानं पण परत मागितली.

डॉक्टरकाकू:
वा काकू!! शेंगाच काय, मिरचीसुद्धा तिकडचीच. बटाटा, रताळं, साबुदाणा ज्याच्यापासून करतात ते कंदही दक्षिण अमेरिकेतले. म्हणजे आपलं उपवासाचं ताट बघा, साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, हिरवी मिरची, हे सगळं पोर्तुगीजांच्या काळात नि त्यानंतर बोटीनं आलेलं.

रब्बी_ज्वारी:
आन भाकरी आफ्रिकेतली. मी मंगळवेढ्याचा, ज्वारी म्हणजे आमचा जीव की प्राण, पण ज्वारीचं मूळ सुदानकडं. तिथं पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांवर ज्वारीचे ठसे सापडलेत. तिथनं समुद्रामार्गे हिकडं आली आन आपल्या काळ्या रानात मालदांडी वाण झाली. काकू तुमी आफ्रिकेत गेला तवा भाकरी शिल्लक होती का?

टॉवेलवाले_काका:
होती. ते केपटाऊनला सांगतो.

पेरूनंतर ईस्टर बेट. तिथं मोठा धक्का नाही, छोट्या बोटीनं उतरावं लागतं आणि लाटा मोठ्या असल्या की उतरवतच नाहीत. आमचं तसंच झालं. पाच दिवस नुसतं पाणी बघून पोचायचं आणि लांबूनच दुर्बिणीतून ते दगडी मोआई बघायचे, कॅप्टननं बेटाला पूर्ण फेरी मारली तेवढंच. पंधरा मोआई एका रांगेत उभे आहेत ती जागा दिसली, ते आधीच पाडलेले होते, १९६० च्या त्सुनामीनं आणखी आत फेकले गेले, नव्वदच्या दशकात परत उभे केले. वाईट वाटलं, खरंच वाटलं. जाणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी की एखाददुसरं बंदर हुकणारच.

त्यानंतर ताहितीपर्यंत पाच वेळा रात्री घड्याळ एक तास मागं केलं, म्हणजे पंचवीस तासांचे दिवस. याच दिवसांत आम्हाला एकमेकांशी बोलायची परत सवय लागली. पहिले दोन आठवडे सांगतो, जड गेले. एवढीशी खोली, एकाला बाथरूमला जायचं तर दुसऱ्यानं पाय वर घ्यायचे. मला पहाटे उठायची सवय, हिला दिवा सहन होत नाही. शेवटी मी पहाटे पाचला डेकवर जायचं, आठ फेऱ्या मारायच्या, आणि येताना हिच्यासाठी चहा घेऊन यायचा असं ठरलं. पस्तीस वर्षांत मी तिला चहा दिला नव्हता. ती तो कप दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी बसायची आणि मग लग्नाआधीच्या गोष्टी निघायच्या, तिच्या माहेरच्या वाड्याच्या, तिच्या धाकट्या भावाच्या आजारपणाच्या, ज्या मला निम्म्या माहीतच नव्हत्या. बंदरं फोटोत बघता येतात. मला जर कुणी म्हटलं की परत जा पण एकच तुकडा मिळेल तर मी ईस्टर ते ताहितीच मागेन.

पंचांगप्रेमी:
काका एक विचारू का, आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एक दिवस गाळतात ना? तो कुठला गेला तुमचा?

टॉवेलवाले_काका:
बरोबर मुद्द्यावर आलात. अमेरिकन सामोआहून फिजीला जाताना १५ फेब्रुवारीला रात्री झोपलो आणि उठलो ते १७ ला. १६ आलीच नाही. आणि १६ ला संकष्टी! हिची संकष्टी बावीस वर्षांत मोडली नव्हती. मला म्हणाली, दिवसच नाही तर उपवास कधी करायचा. तिनं शेवटी १७ ला धरला. तिच्या मनाला ते अजून लागून आहे, खरं काय करायला हवं होतं ते सांगाल का?

पंचांगप्रेमी:
काकूंना सांगा, गाळली ती तारीख, तिथी गाळली जात नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर, बारा अंशांची एक तिथी, ती सगळ्या पृथ्वीला एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते, तारीख फक्त त्या त्या गावची. भारतात १५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास चतुर्थी लागली, तेव्हा अमेरिकन सामोआत १५ चीच सकाळ होती. म्हणजे जहाजावर १५ च्या रात्री जो चंद्र उगवला तो चतुर्थीचाच. संकष्टी चंद्रोदयाची धरतात, तेव्हा तुमची संकष्टी १५ ला होती. १७ चा उपवास पंचमीला झाला. पण १५ ला रात्री काकू काय जेवल्या होत्या आठवतंय का?

टॉवेलवाले_काका:
हिला विचारलं. त्या दिवशी सामोआत फिरताना ऊन लागलं होतं, दुपारी फक्त शहाळं आणि पपई, आणि रात्री उशिरा डेकवर चंद्र वर आलेला बघत दहीभात. साहेब तुमचे उपकार झाले, ती उठून देवापाशी गेली आहे.

फिजीत सुवाच्या बाजारात तुम्हाला परदेश वाटतच नाही. भाजीवाली हळद, मेथी, कारली घेऊन बसलेली आणि वेगळ्याच वळणाच्या हिंदीत बोलतेय. १८७९ ला पहिलं जहाज गिरमिटियांना, म्हणजे करारावरच्या हिंदी मजुरांना, घेऊन गेलं, १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं नेली. ॲग्रीमेंटचं गिरमिट झालं. तिनं आजोबा कुठल्या जिल्ह्यातले ते नाव सांगितलं, बस्ती, आणि विचारलं तुम्ही तिथून किती लांब राहता.

न्यूझीलंडला एक लक्षात ठेवा, खाण्याचा पदार्थ न सांगता किनाऱ्यावर नेला तर जागेवर चारशे डॉलर दंड. चटणीची डबी केबिनमध्येच ठेवून उतरलो. तिथं रताळ्याला कुमारा म्हणतात, माओरी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी होडीतून आणलेलं. २६ ला महाशिवरात्र आली तेव्हा आम्ही टास्मान समुद्रात होतो, रत्नागिरीच्या त्या पोरानं हिच्यासाठी कुमारा भाजून पाठवलं, वर तूप नव्हतं म्हणून लोणी. जहाज एवढं हलत होतं की ताट धरून खावं लागलं. (बोट लागणाऱ्यांसाठी: केबिन मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, आलं चघळा, हिरवं सफरचंद खा.)

सिडनी, बाली, सिंगापूर यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, मी नाही लिहीत. फक्त मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाताना डॉ. कोटणीसांची आठवण झाली. १९३८ ला आपल्या भैय्या चौकातला सत्तावीस वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीनं चीनला याच वाटेनं गेला आणि परत आला नाही. आम्ही रेलिंगला हात जोडले.

सातरस्ता:
काका तुम्ही टॉवेलवाले, जहाजावरच्या टॉवेलबद्दल कसं काय लिहिलं नाही अजून? वाट बघतोय 😀

टॉवेलवाले_काका:
लिहितो की. पहिल्याच दिवशी पाईल (टॉवेलवरचे धाग्यांचे फासे) हाताला लावून बघितली, साडेपाचशे जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास, डॉबी म्हणजे विणीतच नक्षी असलेली बॉर्डर, कडेची शिलाई दुहेरी. चांगला माल. समुद्रावरच्या दिवसांत जहाजाच्या आतल्या भागाची टूर असते त्यात मी लॉन्ड्री मागितली. खाली पाण्याच्या पातळीच्या आसपास, खिडकी नाही, उष्णता भयंकर, आणि चोवीस तास मशीन चालू. गोडं पाणी समुद्राच्याच पाण्यातून काढतात. तिथल्या सुपरवायझरला विचारलं सगळ्यात त्रास कशाचा, तर म्हणाला सनस्क्रीनचा. पाण्यात थोडं जरी लोखंड असलं तर ते डाग तांबूस पडतात आणि क्लोरीन मारलं की आणखी पक्के होतात. हे मला तीस वर्षांत कुठल्याच खरेदीदारानं सांगितलं नव्हतं, नुसतं कंप्लेंट यायची की तुमचा रंग गेला. मुलाला त्याच रात्री फोन केला. आता आम्ही हॉटेलच्या मालाबरोबर धुण्याच्या सूचनेचा वेगळा कागद देतो.

मधुरा_कोथरूड:
आणि मॉरिशस? तुम्ही पुढं सांगतो म्हणाला होतात.

टॉवेलवाले_काका:
३० मार्च, गुढीपाडवा. पोर्ट लुईला सकाळी लागलो. तिथं त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी होती, उगादीची, तेलुगू लोकांमुळं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर मंडळी आठवली.

बंदरापासून चालत आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर इथं उतरवले, साडेचार लाखांच्या वर. दगडी सोळा पायऱ्या आहेत, बोटीतून उतरून पहिलं पाऊल त्यांच्यावर पडायचं. आता युनेस्कोच्या यादीत आहे. आम्ही त्या पायऱ्यांपाशी उभे होतो, ही मला म्हणाली, चपला काढा. तेवढ्यात मागून आवाज आला, "तुमी मराठी काय?" सत्तरीच्या पुढच्या बाई, फ्रॉकसारखा पोशाख, गळ्यात मंगळसूत्र. खापरपणजोबा कोकणातून आले, गावाचं नाव कुणालाच माहीत नाही, पण घरात गणपती बसतो आणि त्या दिवशी देशाला सुट्टी असते हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. त्यांचं मराठी अर्ध्याहून जास्त क्रिओलमध्ये मिसळलेलं, पण "बस गं", "खाऊन जा", "पाय दुखतात" हे स्वच्छ. हिनं पर्समधून दोन कडक भाकरी आणि उरलेली चटणी काढून दिली. त्यांनी भाकरी वाजवून बघितली, अगदी आपल्याकडं बघतात तशी. मग म्हणाल्या, "आजी सांगायची, मी कधी पायली नाय."

रब्बी_ज्वारी:
डोळं भरलं वो काका. केपटाऊन सांगा आता.

टॉवेलवाले_काका:
केपटाऊनला पहिल्या दिवशी वाऱ्यामुळं टेबल माउंटनची केबल कार बंद, दुसऱ्या दिवशी सुरू झाली. १०८५ मीटर, वर एकदम सपाट, केबल कारची जमीनच गोल फिरते म्हणून सगळ्यांना सगळं दिसतं. वर एका दगडावर बसून तीन भाकरी राहिल्या होत्या त्यातल्या दोन आम्ही खाल्ल्या. चटणी मॉरिशसला दिलेली, मग नुसतीच, पाण्याबरोबर. तुमचा निरोप तेव्हा माहीत नव्हता नाहीतर ज्वारीला सांगितलं असतं की घरी आलीस बाई.

तिसरी हिनं फोडू दिली नाही. ती साउदम्प्टनहून विमानात, मुंबईहून गाडीत अशी जपून परत आणली, देवघरात आहे. गड्ड्याला सिद्धेश्वराच्या तळ्यातल्या माशांना घालणार म्हणते.